नऊशे बारा रुपयांचे सल्लागार

आईच्या तेराव्याचं जेवण झालं आणि मोरीपाशी हात धुता धुता माझ्या चुलतकाकांनी वडिलांना विचारलं, "वहिनींचं काही ठेवलेलं वगैरे होतं का?" त्यांच्या हातावरचं पाणी अजून निथळत होतं. मला तेव्हा एकोणीस पुरी झाली नव्हती. माणसाची किळस येणं म्हणजे काय, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. पुढच्या दोन महिन्यांत ती इतक्या जणांची आली की शेवटी फक्त स्वतःची यायची राहिली होती. मग तीही आली.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. आम्ही ठाण्याला कोपरीत राहायचो. पूर्वी मिठागरात राबलेल्या एका कुटुंबाच्या घरातल्या दोन खोल्या आमच्याकडे भाड्याने होत्या. घरात वडील, आई आणि मी. माझ्या पाठची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती. वडील सरकारी कारकून, तेही रेशनिंगच्या कचेरीत. रोज रेल्वेचा पूल ओलांडून पलीकडे जायचे आणि लोकांच्या कार्डांवरची माणसं मोजायचे. जन्माला आला तर नाव वाढवायचं, मेला तर कमी करायचं, हे त्यांचं काम.

आणि ठेवलेलं होतं. काकांनी विचारायच्या दोनच दिवस आधी आईची लुगडी आवरताना मला पोस्टाचं पासबुक सापडलं होतं. तिच्या नावावर नऊशे बारा रुपये होते. वडिलांचा पगार महिन्याला शंभराच्या थोडा वर, त्यामुळे आमच्या दृष्टीने ही रक्कम म्हणजे खजिनाच. मी ते पुस्तक वडिलांच्या हातात दिलं. मला वाटलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. ते म्हणाले, "एवढे कुठून आले?" त्यानंतर बराच वेळ ते तेवढंच म्हणत होते.

वडिलांबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही पटायचं नाही. पैशातलं त्यांना काही म्हणता काही कळत नसे. एक तारखेला पगार आणायचे, देवापुढे ठेवायचे आणि आई तो उचलायची. मग महिनाभर कांदा काय भाव आहे, रॉकेल मिळालं की नाही, याच्याशी त्यांचा संबंध संपला. रेशनच्या दुकानाची तर त्यांनी पायरीही चढली नाही. त्याचं कारण ते येईल त्या पाहुण्याला सांगत. मी त्या खात्यात आहे, दुकानदाराने मला पाहून माप जरा झुकतं दिलं तर ते मला खपायचं नाही. म्हणून कार्ड आईकडे, पिशवी आईकडे आणि रांगेत उभं राहायला आईच. आम्ही चहाही गुळाचा प्यायचो. साखर मिळत नाही तर तिच्यावाचून राहायला शिकलं पाहिजे, हे वडील मोठ्या अभिमानाने सांगायचे, आणि आई आतून गुळाचा खडा फोडत "हो, हो" करायची.

असा माणूस पंचावन्नाव्या वर्षी एकटा पडला आणि त्याच्या हातात नऊशे बारा रुपये आले. मुंगळ्यांना कळायला वेळ लागत नाही, माणसांना त्याहून कमी लागला.

समाचाराला येणाऱ्यांचं मला तेव्हापासून वावडं आहे. दाराशी येईपर्यंत चेहरे पडलेले. बसले की "वाईट झालं", "सोनं होती", "तुम्हाला आता सवय करून घ्यायला हवी" एवढं उरकायचं आणि चहा अर्धा संपला की पैशाची चौकशी. कोणाच्या मेहुण्याची औषधांची एजन्सी होती, कोणाच्या जावयाला छापखाना टाकायचा होता. एका बाईंनी तर वडिलांना, माझ्यादेखत, घरात बाईमाणूस हवंच असं सुचवलं आणि त्यांची नणंद कशी टापटिपीची आहे ते सांगितलं. आई जाऊन सतरा दिवस झाले होते. मी त्या बाईंच्या पुढ्यातून चहाचा कप उचलला, तो भरलेला होता तरी.

वडिलांना मात्र हे सगळं आवडू लागलं. जन्मात त्यांना कोणी कशाबद्दल विचारलं नव्हतं. आता माणसं त्यांच्याकडे झुकून बोलत होती. ते गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "बघतो, सल्ला घेतो." आणि दर रविवारी सल्ला घ्यायला निघायचे, मला बरोबर घेऊन. तुला हिशेब कळतो म्हणून चल, असं म्हणायचे. खरं कारण हे की त्यांना एकट्याने कोणाला हो म्हणता येत नसे आणि नाही तर त्याहून म्हणता येत नसे.

माझा स्वतःचा स्वार्थ मी लपवत नाही. मी मॅट्रिक झाले होते आणि मला पुण्याला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला जायचं होतं. दोन वर्षांची फी, वसतिगृह, जेवण, पुस्तकं. तेवढ्याला साधारण तेवढेच पैसे लागत होते. आईशी माझं हे बोलणं झालेलं होतं, आणि ती फक्त "होईल काहीतरी" म्हणाली होती. पासबुक हातात आलं तेव्हा ते काहीतरी काय ते मला कळलं. ते पैसे गेले असते तर वर्षभरात माझं लग्न लावून दिलं गेलं असतं, हे मला स्पष्ट दिसत होतं.

पहिला रविवार कल्याणचा. काका धान्याच्या दलालीत होते आणि वखारीच्या वरच्या मजल्यावर राहायचे. वडिलांहून धाकटे, पण बोलण्यात थोरले. त्यांनी आम्हाला खाली नेऊन पोती दाखवली, मग वर नेऊन तिजोरी दाखवली, मग श्रीखंड वाढलं. सुतक फिटून पंधरवडाही झाला नव्हता आणि आमच्या पानात श्रीखंड. पैसे त्यांच्याकडे ठेवावेत, पोस्टापेक्षा दुप्पट व्याज मिळेल, आणि लागतील तेव्हा हजर, असं त्यांचं म्हणणं. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि पोरीच्या लग्नाला होतील हो, तोवर आमच्याकडे राहू देत, असं म्हणत होत्या. जणू पैसे आणि मी, दोन्ही तिथेच ठेवून घ्यायचं ठरलं होतं.

दुसरा रविवार डोंबिवलीचा. वडिलांचे एक शाळासोबती तिथे प्लॉट विकायचं काम करत. त्यांनी आम्हाला छत्री उघडून भर उन्हात भाताच्या बांधांवरून चालवलं. जमिनीत खुंट्या ठोकल्या होत्या. इथे शाळा होणार, इथे बाजार होणार, इथून डांबरी रस्ता, असं ते छत्री मिटून तिच्या टोकाने दाखवायचे आणि पुन्हा उघडायचे. दिसत होती ती नुसती ढेकळं आणि एक म्हैस. नंतर तिथे सगळं झालं, त्यांनी दाखवलं त्याच्या दसपट झालं. आता माझी मुलं आणि त्यांचे मित्र मला ऐकवतात की तेव्हा घेऊन टाकला असता तर आज केवढ्याला गेला असता. या वाक्याचाही मला वीट आला आहे. ज्यांना ते पैसे कसले होते हे ठाऊक नाही, त्यांनी त्याचे प्लॉट घेऊ नयेत.

तिसरा सल्ला ठाण्यातल्या एका म्हाताऱ्या वकिलांचा. ते म्हणाले, बाईंना हे माहेरून मिळालं असेल किंवा त्यांनी स्वतः कमावलं असेल तर कायद्याने आधी लग्न न झालेल्या मुलीचा विचार होतो. घरखर्चातून शिल्लक टाकलं असेल तर ते तुमचंच. एवढं सांगून त्यांनी पाच रुपये घेतले. या अख्ख्या प्रकरणात एवढा स्वच्छ व्यवहार दुसरा झाला नाही.

पण त्यातून वडिलांच्या डोक्यात एक किडा शिरला. आईला माहेरचं काही नव्हतं. ती कमावणार कुठून? म्हणजे पैसे घरखर्चातलेच. म्हणजे त्यांच्या पगारातले. म्हणजे वर्षानुवर्षं तिने त्यांना न सांगता त्यांचे पैसे बाजूला काढले. त्यांनी कचेरीतला पाठकोरा कागद घेतला, रेघा मारल्या आणि मेलेल्या बायकोची तपासणी सुरू केली. अमुक साली दूध किती, तमुक साली लुगडी किती, मला विचारत होते. मध्येच पेन थांबवून म्हणाले, "आमटी पातळ असायची. मी म्हणायचो तिला." मग त्यांनी अफरातफर हा शब्द वापरला. मी ताटावर होते. तशीच उठले आणि खरकट्या हाताने मागच्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. मला त्यांचा राग आला नाही, राग फार बरा. मला त्या पाठकोऱ्या कागदाची, त्यांच्या मोत्यासारख्या अक्षराची आणि पेन धरलेल्या त्यांच्या बोटांची किळस आली.

तरी पैसे काढायचे तर अर्ज करायला हवा होता. पोस्टात सांगितलं, मृत्यूचा दाखला आणा, आणि रेशनकार्डावरून बाईंचं नाव कमी करून ते कार्ड आणा, म्हणजे घरात कोण कोण आहे ते आम्हाला दिसेल. वडिलांना बरं वाटलं, कारण हे त्यांच्या प्रांतातलं होतं. घरी येऊन त्यांनी हातपाय धुतले, चष्मा पुसला आणि मला कार्ड काढायला सांगितलं. ते तांदळाच्या डब्यामागे असायचं. इतक्या वर्षांत त्यांनी आपलं स्वतःचं कार्ड बहुधा पहिल्यांदाच उघडलं.

कार्डावर चार नावं होती. वडिलांचं, आईचं, माझं, आणि चौथं माझ्या आजीचं, म्हणजे वडिलांच्या आईचं. आजी आधी आमच्याकडेच असायची; पाच वर्षांपूर्वी कोकणात गावी गेली आणि तिथेच वारली होती.

"ही अजून इथे कशी?" वडील म्हणाले. ते इतक्या हळू म्हणाले की मी नकळत खोलीत वळून पाहिलं.

मग त्यांनी पासबुक शेजारी ठेवलं. कारकुनाचं डोकं ते, त्याला अर्धा तासही लागला नाही. कार्डावर माल उचलल्याच्या खुणा होत्या आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत पोस्टात भरणा. कधी तीन रुपये, कधी चार. खूण, भरणा, खूण, भरणा, पाच वर्षं, एकही आठवडा चुकलेला नाही. वडील बोट ठेवत ठेवत खाली गेले आणि शेवटच्या ओळीवर त्यांचं बोट तसंच राहिलं. ती खूण आई आजारी पडायच्या आठवड्यातली होती.

मी घरमालकिणीकडे गेले. ती अंगणात सुकट निवडत होती. तिने काही आढेवेढे घेतले नाहीत. तुमच्या घरची साखर सगळी आणि म्हातारीचा तांदूळ स्टेशनाबाहेरच्या हाटेलात जायचा, ती म्हणाली, कधी मीच पोचवला आहे. मग तिने वर पाहिलं. "तुजे आयसनी चोरी नाय केली पोरी," ती म्हणाली, "सासूला जित्ती ठेवली."

मला आधी हसू आलं, मग किळस. गुळाच्या चहाची ती सगळी देशभक्ती आठवली. माझा बाप रोज आपल्या त्यागाचे घोट घेत होता आणि आई त्याची साखर काळ्या बाजारात विकत होती. रांगेत मागे कोणीतरी रिकाम्या पिशवीनिशी परत जात असेल, हे तिला कळत नव्हतं असं नाही. ती चांगली होती, मी तिच्यावर जीव टाकायचे, आणि तिने हे केलं होतं, माझ्यासाठी केलं होतं. यातलं एकही वाक्य मला खोडता येत नव्हतं.

वडिलांना मात्र दुसरंच आठवलं. दोन वर्षांपूर्वी मिठागरातल्या एका म्हाताऱ्याने मेलेल्या सुनेचं नाव दोन महिने कार्डावर ठेवलं होतं. वडिलांनी ते पकडलं, वर कळवलं, त्याला दंड झाला. तो म्हातारा कचेरीत वडिलांच्या पायावर डोकं ठेवून रडला होता, आणि वडिलांनी ते घरी जेवताना सविस्तर सांगितलं होतं, पाय कसे मागे घेतले त्यासकट. आता ते रात्रभर कुशी बदलत होते. नोकरी जाईल, खटला होईल, पेन्शन जाईल. पहाटे त्यांनी ठरवलं, सल्ला घ्यायचा.

म्हणजे पुन्हा कल्याण. वाटेत त्यांनी एक गोष्ट रचली होती, आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्या पत्नीकडून अशी एक चूक झाली. काकांनी ती पुरी ऐकूनही घेतली नाही. दलालाचं आयुष्य समोरच्याच्या तोंडावरून भाव ओळखण्यात गेलेलं. आणि आजी कधी वारली हे त्यांना ठाऊक होतंच, त्यांची ती सख्खी काकू.

"दादा, तू कशाला नाव कमी करायच्या फंदात पडतोस?" ते म्हणाले. "पोस्टात माझी ओळख आहे. कार्ड न दाखवता पैसे काढून देतो. ते माझ्याकडे राहू देत, व्याजाचं मात्र विसर. आणि काळजी करू नको, घरची गोष्ट माझ्या पोटात राहील."

अतिशय प्रेमाने म्हणाले. वडिलांच्या पानात स्वतःच्या हाताने लाडू वाढला. वडिलांनी तो खाल्ला. मला वाटलं होतं ते उठतील, निदान हात तरी थांबेल. ते खाली मान घालून लाडू खात होते आणि म्हणत होते की तू म्हणतोस त्यात तथ्य आहे.

कल्याणच्या प्लॅटफॉर्मवर आम्ही बाकावर बसलो. गाडीला अवकाश होता. काकांच्या पोटात राहणारी गोष्ट उद्या कधीही बाहेर येणार आणि दर वेळी काहीतरी घेऊन परत आत जाणार, हे मला कळत होतं. नऊशे बारा रुपये गेले, मग वडिलांचा पगार, मग त्यांच्या ओळखीतला एखादा बिजवर माझ्यासाठी. मी फार विचार केला असं नाही. गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसं मी बोलले.

"आजी आत्ता गेली असं लिहू."

"आत्ता म्हणजे?"

"आईनंतर. याच महिन्यात, गावी. दोन्ही नावं एकदम कमी होतील. मग कागद आपल्या बाजूचा. काकांकडे नुसता शब्द उरेल."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत धक्का होता, पण त्याहून जास्त सुटका होती, आणि ती मला बघवेना. आयुष्यभर एकही खोटी नोंद न केलेला माणूस, मुलीने खोटी नोंद सुचवल्यावर त्याने एवढंच विचारलं की गावच्या दाखल्याचं काय. मी म्हटलं, दाखला नसला तर कुटुंबप्रमुखाचं लेखी निवेदन चालतं, तुम्हीच एकदा सांगितलं होतं. ते म्हणाले, "चालतं." मग गाडी आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीतून फॉर्म आणले. संध्याकाळी देवाला दिवा लावून झाल्यावर पाटावर कागद ठेवून लिहायला बसले. आईचा फॉर्म भरून झाला. आजीचाही भरत गेले, नाव, वय, नातं, ठिकाण, सगळं त्यांच्या वळणदार अक्षरात. मृत्यूच्या तारखेच्या रकान्यापाशी पेन थांबलं. त्यांनी ते दौतीत बुडवलं, टिपलं, पुन्हा बुडवलं. मग माझ्यापुढे केलं.

"तारीख तू लिही," ते म्हणाले. "माझ्या हातून व्हायचं नाही."

मी लिहिली. अक्षर त्यांच्यासारखं दिसावं म्हणून मी जरा बेताने, वळण देऊन लिहिली. मला आजी आवडायची. तिच्या मांडीवर मी अंकगणित शिकले होते. टिपकागद दाबताना मला तिचा चेहरा आठवेल असं वाटलं, तर आठवलं पुण्याच्या कॉलेजचं माहितीपत्रक. मी वर म्हटलं ना, शेवटी स्वतःचीही किळस आली. ती या वेळी.

आमचा अंदाज असा की कागद टेबलावरून सरकेल आणि प्रकरण मिटेल. दोघांच्याही ध्यानात एक साधी गोष्ट आली नाही. वडील ज्या कचेरीत नावं कमी करायचे तिथेच हे कागद जाणार होते आणि शेजारच्या टेबलावरचा कारकून ते वाचणार होता. त्याने वाचले. महिन्याभरात बायको गेली आणि पाठोपाठ आई. सगळी कचेरी उठून वडिलांभोवती गोळा झाली. वडील या कचेरीत बदलून येऊन तीनच वर्षं झाली होती, आजी वारली तेव्हा ते कल्याणच्या कचेरीत जायचे, त्यामुळे कोणाला काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. साहेबांनी त्यांना आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि न मागता दहा दिवसांची रजा मंजूर केली.

वडील भर दुपारी घरी आले आणि दारातच म्हणाले, "मला सुतकाची रजा मिळाली."

कचेरीतली मंडळी भेटायला येणार होती. आई गेल्यावर मुलाच्या डोक्यावर केस आणि ओठावर मिशी कशी चालेल? आईच्या वेळी उतरवलेली मिशी नुकती कुठे डोळ्यांना दिसेल इतकी वाढली होती. संध्याकाळी वडील खाडीकडच्या न्हाव्याकडे गेले. मी पाणी भरायच्या निमित्ताने मागून गेले. न्हावी कोपरीतलाच, आजी कधी गेली हे त्याला माझ्याइतकंच माहीत. त्याने वस्तरा पाजळला, वडिलांच्या डोक्याला पाणी लावलं आणि फक्त एवढंच विचारलं, "मिशी पण?"

"मिशी पण," वडील म्हणाले.

आळीतही कोणी तोंड उघडलं नाही. याला मी त्या लोकांचा चांगुलपणा म्हणणार नाही. आमच्या आळीत निम्म्या कार्डांवर कोणी ना कोणी मेलेलं माणूस जेवत होतं.

कचेरीतले चौघं रविवारी आले. सतरंजीवर बसले, "वाईट झालं" म्हणाले. त्यांच्यातल्या सगळ्यात धाकट्याने वडिलांच्या हातावर हात ठेवला आणि आजी शेवटी काही बोलल्या का, असं विचारलं. वडिलांच्या तोंडातून एक आवाज निघाला. असा आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता, आईच्या वेळीही नाही. मग ते रडू लागले. मी आत चहा गाळत होते आणि दातओठ खात होते. किती बेमालूम करतोय, मला वाटलं. एवढ्यावर आला हा माणूस, नऊशे बारा रुपयांसाठी आईच्या नावाने गळा काढतो. मी चहा बाहेर नेला तोही मान वळवून.

ते चौघं गेले. मी कप उचलायला आले तर वडील अजून रडत होते. आता बघायला कोणी नव्हतं. तुळतुळीत डोकं भिंतीला टेकवून, तोंड उघडं टाकून रडत होते. मी कप गोळा करू लागले. मग ते आपणहून म्हणाले, "गावाहून पत्र उशिरा आलं होतं. कल्याणच्या साहेबांनी विचारलं, दिवस तर होऊन गेले, आता जाऊन काय करणार? मी अंघोळ केली आणि कामावर गेलो." आणि थांबून म्हणाले, "डोकंसुद्धा उतरवलं नव्हतं."

मी कप घेऊन आत गेले. त्यांची किळस येणं त्या क्षणी थांबलं असं मला लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. थांबलं नाही. त्यात फक्त हे आणखी एक मिसळलं, आणि ते मला आजतागायत निवडून वेगळं करता आलेलं नाही.

दहा दिवस ते घरातून हलले नाहीत. चटई टाकून जमिनीवर झोपले, मीठ सोडलं, एकवेळ जेवले. हे सगळं कोणी पाहत नव्हतं, तरी केलं. अकराव्या दिवशी कामावर गेले आणि संध्याकाळी कार्ड घेऊन आले. दोन नावांवर लाल शाईची रेघ होती, ती त्यांनीच मारली होती. पुढच्या महिन्यात पोस्टाने पैसे दिले. काकांचा निरोप आला, कधी येता? वडिलांनी उलट निरोप पाठवला की सवड नाही. काकांना त्यांनी असं कधी सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं.

पैसे त्यांनी रुमालात बांधून आणले आणि माझ्यापुढे ठेवले. सल्ला घ्यायचं नाव काढलं नाही. मला थोडी शरम वाटली असावी, कारण मी म्हटलं, "बाबा, यातले शंभर तरी तुमच्याकडे राहू देत."

"नको," ते म्हणाले. "माझा वाटा मला मिळाला. दहा दिवस."

मी गाठ सोडली आणि त्यांच्यासमोर बसून पैसे मोजले. बरोबर होते.